टायर मोठे झाले, ब्रेक तेवढेच राहिले



एरवी या पानावर छाटणी, डाऊनी, खताचे डोस, टोमॅटोचा भाव असलं काही असतं. आज गाडीच्या ब्रेकवर लिहितोय. टोमॅटोचा हंगाम तोंडावर आला आहे. थोड्या दिवसांत ओझरपासून पिंपळगावपर्यंत हायवेला पिकअपची रांग लागेल, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या आता कंपनीतून निघाल्या तशा राहिलेल्या नाहीत. मागचे पाटे वाढवलेले, हौद्याला वरून जाळी जोडलेली आणि खाली एक माप मोठे टायर. गाडी उंच दिसते, रुबाबदार दिसते. पण थांबते का, हे कोणी विचारत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला पटत नाही त्याला पुढं वाचताना भांडता येईल. पिकअपला कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर टाकू नयेत. टाकले असतील तर काढावेत. "टायर राहू द्या, ब्रेक वाढवून घेतो" हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण आपल्याकडं ज्या पद्धतीनं ते होतं ती निव्वळ पळवाट आहे. आणि शेवटचं, जे काहींना झोंबेल: या सगळ्याला गाडीवाला एकटा जबाबदार नाही. त्या गाडीत माल भरणारे आपण शेतकरीही जबाबदार आहोत.

आता एकेक मुद्दा घेऊ.

मोठ्या टायरनं ब्रेक का कमी होतो? कोणाच्या गोठ्यात हातानं फिरवायची जुनी कडबाकुट्टी असेल तर तिचं मोठं चाक आठवा. फिरणारं चाक काठाला धरलं तर सहज थांबतं. तेच आसाजवळ धरून थांबवायला गेलं तर हाताला रग लागते. गाडीचा ब्रेक हा आसाजवळ बसलेला असतो. डिस्क असो की ड्रम, त्याचं माप ठरलेलं. रस्ता मात्र चाकाला काठावर धरून ढकलत असतो. टायर मोठा केला की काठ आसापासून लांब गेला, ब्रेक होता तिथंच राहिला. ७० सेंटिमीटर उंचीचा टायर काढून ७७ चा टाकला तर उंची १० टक्क्यांनी वाढली आणि पायाच्या तेवढ्याच दाबाला रस्त्यावर मिळणारा ब्रेक साधारण ९ टक्क्यांनी कमी झाला. वर टायर आणि रिमचं वजन वाढलं, ते फिरतं वजन थांबवायचं कामही त्याच ब्रेकवर.

टायरची उंची काढायला मेकॅनिक लागत नाही. टायरवर २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असतं. २१५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. त्याच्या ७५ टक्के म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, १६१ मिलिमीटर. वर एक भिंत, खाली एक भिंत, म्हणून दुप्पट करा. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवा. झाले साधारण ७०३ मिलिमीटर. आता तिथं २३५/७५ आर १५ टाकला तर ७३३ होतात. म्हणजे चार टक्क्यांच्या वर वाढ. "एकच नंबर तर वाढवला" म्हणतात तो असा. आणि १६ ची रिम टाकून त्यावर ट्रकछाप टायर चढवला की वाढ दहा टक्क्यांच्याही वर जाते.

दुसरी गोष्ट, स्पीडोमीटर. तो चाकाचे फेरे मोजतो. टायर १० टक्के मोठा असेल तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ नं पळत असते. कंपनी काटा थोडा पुढं दाखवणारा ठेवते म्हणून सगळा फरक जाणवत नाही, पण पोराला वाटतं आपण हळूच चाललोय.

तिसरी गोष्ट, वजन. आपला टोमॅटोचा क्रेट २० किलोचा. रिकाम्या क्रेटचं दीड-दोन किलो धरा. १७०० किलो क्षमतेच्या पिकअपमध्ये कायद्यानं आणि कंपनीच्या हिशोबानं ७५ ते ८० क्रेट बसतात. रस्त्यावर आपल्याला शंभरच्या वर क्रेट लादलेल्या पिकअप रोज दिसतात. हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको, मोजता येतात.

आता हे तिन्ही एकत्र मांडू. कोरडा, सपाट डांबरी रस्ता धरा. मूळ टायर, ७८ क्रेट, खरोखर ६० चा वेग. समोर काही आडवं आलं. डोळ्यानं बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढं गेलेली असते. चांगल्या ब्रेकनं पुढं २३ मीटर लागले. एकूण ४० मीटर. आता १२० क्रेट, १० टक्के मोठे टायर, काट्यावर तेच ६०, पायाचा दाब तोच. हिशोब केला तर एकूण ५७ मीटर येतात. हा कागदावरचा अंदाज आहे, प्रत्येक गाडीचा आकडा थोडा वेगळा येईल. पण फरक १७ मीटरचा आहे. तीन पिकअप एकामागं एक उभ्या केल्या तरी त्या १७ मीटरात बसतात. हायवेला आपल्या गावाजवळ माणसं रस्ता ओलांडतात, शाळेची पोरं सायकलवर असतात, दुधाच्या किटल्या घेऊन मोटरसायकली मध्येच वळतात. ते सगळे त्या १७ मीटरातच असतात.

हे सपाटीचं झालं. आपला माल सपाटीवर थांबत नाही. द्राक्ष आणि टोमॅटो वाशीला जायला निघाले की इगतपुरीच्या पुढं कसाऱ्याचा घाट. वरच्या बाजूला मालेगाव-धुळ्याकडं निघाले की चांदवडच्या पुढं राहुड घाट. उतारावर गाडीचं वजन ब्रेकमध्ये उष्णता होऊन निघतं. ४३०० किलोची भरलेली गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा जेवढी उष्णता तयार होते, तिनं साधारण १२ लिटर गार पाण्याला उकळी फुटते. इंजिन त्यातलं थोडं सोसतं, बाकी सगळं चार चाकांच्या पॅडवर आणि लायनरवर. मोठ्या टायरनं इंजिनचा ब्रेकही त्याच प्रमाणात कमी होतो, हे विसरू नका. म्हणजे ज्या गिअरमध्ये गाडी पूर्वी धरून राहायची, त्याच गिअरमध्ये ती आता पळायला बघते, आणि पोरगं पाय ब्रेकवर दाबूनच ठेवतं.

ड्रम तापला की प्रसरण पावतो, लायनर आणि त्याच्यातली फट वाढते. लायनर तापला की घासायचं सोडून गुळगुळीत होतो. त्याहून वाईट ब्रेक ऑइलचं. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट-३ तेल ताजं असताना २०५ अंशांच्या आत उकळत नाही. ओल धरलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. तेल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल थेट खाली बसतं आणि गाडी तशीच चालत राहते. घाटात "ब्रेक फेल झाला" म्हणतात त्यात पुष्कळदा काही तुटलेलं नसतं. गार झाल्यावर तीच गाडी पुन्हा थांबते. म्हणून मागून कोणाला कारण सापडत नाही.

आता पाट्यांकडं येतो, कारण ही गोष्ट पाटे वाढवणाऱ्यांच्या गावीही नसते. बऱ्याच पिकअपला मागच्या ॲक्सलजवळ एक काडी असते, ती एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. एलएसपीव्ही म्हणतात त्याला. माल भरला की मागची बाजू दबते, काडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की मागं वजन आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की कमी सोडतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरली असती. तुम्ही पाटे वाढवले. आता दोन टन भरले तरी मागची बाजू दबतच नाही. व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे. ऐन ओझ्यात मागचा ब्रेक अर्धवट काम करतो आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. काही ठिकाणी तर ही काडी काढून तारेनं बांधून ठेवलेली मी बघितली आहे. म्हणजे ज्या गाडीला जास्त ब्रेक लागणार, तिचाच ब्रेक आपण पैसे देऊन कमी करून घेतो.

"मग ब्रेक वाढवू की." माझा पुतण्या हेच म्हणाला. त्यानं जुनी पिकअप घेतली आहे. टायर मोठे टाकायचे म्हणून माझ्याकडं उसने पैसे मागितले. म्हणाला, "नाना, टायर टाकतो आणि ब्रेकपण मोठे करून घेतो, मिस्त्री करून देतो म्हणालाय." मी म्हणालो, तुझा मिस्त्री काय काय बदलणार ते कागदावर लिहून आण. त्यानं आणलं: मोठ्या गाडीचा मागचा ड्रम, मोठा लायनर. बस.

एवढ्यानं काय होतं ते सांगतो. नुसता मागचा ब्रेक जोरदार केला तर पावसाळी रस्त्यावर किंवा गाडी रिकामी असताना मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. नुसता पुढचा मोठा कॅलिपर टाकला तर तो जास्त तेल मागतो. मास्टर सिलिंडर जुनाच असेल तर पेडल खोल जातं. मास्टर सिलिंडर मोठा टाकला तर पेडल दगडासारखं होतं, आणि बूस्टर अपुरा पडला तर पायात तेवढा जोर आणायचा कुठून? पॅड, डिस्क, कॅलिपर, ड्रम, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि तो व्हॉल्व्ह, हा सगळा एका कुटुंबाचा संसार आहे. कंपनी तो वजनाच्या हिशोबानं जुळवते आणि गाडी घसरवून, थांबवून, तापवून तपासते. आपल्या रस्त्याकडच्या गॅरेजला तपासायचं साधन काय, तर समोरचा रस्ता. मिस्त्री हुशार असतात, त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण दोन टन ओझं घेऊन घाटात तापलेला ब्रेक कसा वागेल हे गॅरेजच्या दारात कळत नाही.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कंपनीच्या मूळ नमुन्याला सोडून गाडीत बदल चालणार नाही. जादा वजनाला कलम १९४ आहे: २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. त्या कलमात एक शब्द असा आहे जो आपण शेतकऱ्यांनी नीट वाचावा. दंड नुसता चालवणाऱ्याला नाही, तशी गाडी चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे. आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट या बदलांवरच ठेवते.

पुतण्याला मी टायरला पैसे दिले नाहीत. ब्रेकच्या कामाला दिले. मूळ मापाचे टायर, चारही चाकांचं ब्रेकचं काम, नवीन तेल, आणि जादाचे पाटे काढून व्हॉल्व्हची काडी कंपनीच्या मापावर. तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. चालतंय.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं, कारण ते अगदीच खोटं नाही. गाडीवाले म्हणतात, तुमच्या बांधापर्यंत यायला रस्ता कुठाय? श्रावण-भादव्यात काळ्या रानात चिखल एवढा की मूळ टायरची गाडी पोटावर बसते. खरं आहे. आपले शिवरस्ते हा लाजिरवाणा विषय आहे. पण चिखलात गाडी निघते ती टायरच्या नक्षीनं, नुसत्या उंचीनं नाही. मूळ मापातच खोल नक्षीचे टायर मिळतात. आणि चिखलाचे पाचशे मीटर पार करायला ट्रॅक्टर आहे ना घरात. क्रेट ट्रॅक्टरनं डांबरीपर्यंत आणा, तिथं पिकअपमध्ये भरा. दोनदा हाताळणी होते, मजुरी लागते, मान्य. पण पाचशे मीटरच्या चिखलासाठी दोनशे किलोमीटरचा ब्रेक कमी करणं हा हिशोब मला पटत नाही.

दुसरं म्हणणं पैशाचं. समजा क्रेटमागं १० रुपये भाडं आहे. ४० क्रेट जास्त भरले तर फेरीला ४०० रुपये सुटतात. गाडीचा हप्ता, डिझेल, टोल बघता गाडीवाल्याला ते सोडवत नाहीत. आणि इथंच आपण येतो. क्रेटचा भाव पाडून कोण मागतं? "एवढे दहा घे की बाबा, दुसरी गाडी कुठं करू" असं कोण म्हणतं? टोमॅटोला भाव नसला की पहिली काटछाट भाड्यात होते. गाडीवाला मग पाटे वाढवतो, पाट्यांनी टायर दबतो म्हणून टायर वाढवतो, आणि ब्रेक कोणाच्याच यादीत येत नाही, कारण ब्रेक दिसत नाही.

मालाचंही नुकसान बघा. कडक पाटे आणि जास्त हवा भरलेले टायर खड्ड्याचा प्रत्येक दणका सरळ क्रेटमध्ये देतात. खालच्या थरातला टोमॅटो दबतो, द्राक्षाचे मणी सुटतात. निर्यातीचा कंटेनर आपण वजन करून, तापमान लिहून पाठवतो. त्याच बागेतला लोकलचा माल मात्र जसा बसेल तसा कोंबतो. साखर मोजायला रिफ्रॅक्टोमीटर आहे, गाडीचं वजन मोजायला वजनकाटा हायवेला आहेच.

आपल्या ओझरचं आणखी एक. एचएएलचा कारखाना १९६४ साली इथं आला. मिग-२१ इथं तयार झालं, पुढं सुखोई-३०. ही विमानं उतरतात तेव्हा नुसत्या चाकाच्या ब्रेकवर ठेवत नाहीत, मागून छत्री उघडते. यंत्र जेवढं वेगवान आणि जड, तेवढी थांबवायची सोय आधी. ज्या गावानं हे बनवलं, त्या गावात पिकअपचा व्हॉल्व्ह तारेनं बांधलेला असावा, याचं वाईट वाटतं.

ट्रॅक्टरवाल्यांनी हसू नका. तुमचा हिशोब यापेक्षा बिकट आहे. ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या दोनच चाकांना, आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नावाची वस्तूच नाही. १३.६-२८ काढून १४.९-२८ टायर टाकले की वर सांगितलेलं गणित तिथंही लागू. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना लॉक करूनच चालवा. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर एकीकडं वळतो आणि ट्रॉली अंगावर येते.

हंगामाआधी करायची कामं, एकदा लिहून घ्या:

१. दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात टायरचं माप आणि हवा लिहिलेली असते. तेच माप, तीच हवा. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची.
२. चारही चाकं खोलून पॅड आणि लायनर बघा. एका बाजूचं बदलायचं नाही, जोडी बदलायची.
३. ड्रमला झिजण्याची मर्यादा असते, ती बहुतेक ड्रमवरच कोरलेली असते. लेथवर वारंवार तासून घेतलेला ड्रम पातळ होतो आणि लवकर तापतो. मर्यादा संपली की भंगारात.
४. व्हील सिलिंडरचे रबर गळतात का, रबरी नळ्यांना चिरा आहेत का, ते बघा. लायनरवर तेल किंवा ग्रीस आलं असेल तर लायनर धुऊन परत लावू नका, नवीन टाका.
५. ब्रेक ऑइल दोन वर्षांत एकदा पूर्ण बदला. नुसतं वरून भरणं म्हणजे बदलणं नव्हे. कोणतं तेल ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.
६. एलएसपीव्हीची काडी जागेवर आहे का बघा. पाटे वाढवलेले असतील तर काढा.
७. घाटात, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल नाही, चावी बंद नाही. इंजिन बंद झालं की बूस्टर संपतो, पेडल दगड होतं.
८. उतारावर पाय ब्रेकवर ठेवून राहू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. पेडल मऊ लागलं किंवा जळका वास आला तर जागा बघून लगेच थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो.

ज्यांना खरंच जास्त माल न्यायचा आहे त्यांनी मोठ्या क्षमतेची गाडी घ्यावी, नाहीतर दोन फेऱ्या कराव्यात. मोठ्या गाडीला मोठे टायर आणि त्या टायरला जुळणारा ब्रेक कंपनीनंच दिलेला असतो. टायरला साजेसा ब्रेक मिळवायचा सरळ रस्ता एवढाच आहे.

माझ्यापुरतं ठरवलं आहे. यंदा माझ्या रानातून ८० च्या वर क्रेट घेऊन पिकअप निघणार नाही, आणि भाडं क्रेटवर नाही, फेरीवर देणार. फेरीचा भाव ठरला की दहा क्रेट जास्त कोंबायचं कारणच राहत नाही. शेतकरी गटांनी आणि उत्पादक कंपन्यांनी हा नियम केला तर एका हंगामात चित्र बदलेल. कृषी खात्याच्या आणि कंपन्यांच्या साहेबांनाही विनंती: तुमच्या मेळाव्यात फवारणीच्या पंपाचा नोझल तपासून दाखवता, तसा एखादा तास गाडीच्या ब्रेकला द्या. रानात पिकवलेला माल बाजारात पोचेपर्यंत शेतीच चालू असते, आणि तो पोचवणारी पोरं आपल्याच गावची आहेत.

पहिला तोडा निघायच्या आत चाकं खोलून घ्या.